सोलापूरच्या उन्हात टिकेल असा कॉलेज-गेमिंग लॅपटॉप: पन्नास ते पंच्याऐंशी हजारांतली पारख

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते: वापरताना खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतं. पत्र्याच्या घरात किंवा गच्चीखालच्या खोलीत रात्री दहालाही पारा ३५ च्या खाली यायला तयार नसतो. एसी खोलीत बसून केलेल्या चाचण्या बघून लॅपटॉप निवडला, तर वर्षातले दोन-तीन महिने तो कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेरच चालणार. म्हणून इथे गेमिंगसाठी लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्डाच्या नावाआधी त्याची थंड राहण्याची ताकद बघा. खालची सगळी पारख याच हिशोबाने केली आहे.

हिशोब सोपा आहे. खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी आतली चिपही वर जाते. २५ अंशांच्या खोलीत गेम चालू असताना प्रोसेसर ८५ वर स्थिरावत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत, पंखा त्याच वेगाने फिरत असताना, तो शंभरीला टेकतो. इंटेलच्या आय५-१२४५०एच किंवा १३४२०एच या चिपांची मर्यादा १०० अंश, एएमडीच्या रायझन ५ ७५३५एचएसची ९५. मर्यादा आली म्हणून चिप जळत नाही, ती आपला वेग उतरवते. पहिली दहा-पंधरा मिनिटं गेम लोण्यासारखा चालतो, मग फ्रेम (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) धाडकन पडतात, थोड्या वर येतात, पुन्हा पडतात. खेळणारा नेटला शिव्या देतो, गेम पुन्हा टाकतो, विंडोज फॉरमॅट करतो. दोष यातल्या कशातच नसतो. तोच लॅपटॉप डिसेंबरात तासन् तास न अडखळता चालतो, यावरूनच ते ओळखता येतं.

कार्डाचं नाव एक, वॅट वेगळे

दुकानात ‘फोर जीबी ग्राफिक कार्ड आहे बघा मालक’ एवढ्यावर बोलणं संपतं. ते पुरेसं नाही. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया एकच चिप वेगवेगळ्या वॅटला, म्हणजे कमी-जास्त विजेवर, चालवण्याची मुभा लॅपटॉप कंपन्यांना देते. आरटीएक्स ४०५० ही ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येते, आरटीएक्स ३०५० ही ३५ ते ८० वॅटमध्ये. झाकणावरचा स्टिकर मात्र सगळ्यांना सारखाच. ४५ वॅटवर बसवलेली ४०५० आणि ९५-१०० वॅटवर चालणारी ४०५० यांच्या फ्रेममध्ये एका पिढीएवढा फरक पडतो. शंभरच्या पुढे मात्र ४०५० ला फारसं मिळत नाही, तेव्हा ११५ साठी जास्तीचे पैसे मोजू नका.

हा आकडा खोक्यावर सहसा नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेल क्रमांकाच्या पानावर ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ किंवा ‘टीजीपी’ या नावाने तो शोधा. लॅपटॉप समोर चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून खालच्या कोपऱ्यातलं ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ दाबा, तिथे आकडा लिहिलेला असतो. दुकानात हे बघायला दोन मिनिटं लागतात.

आता कार्डांची उतरंड. आरटीएक्स २०५० च्या नावात २० असलं तरी आतली चिप ३०५० च्याच घराण्यातली आहे, पण तिचा मेमरीचा रस्ता ६४ बिटचा, म्हणजे अरुंद. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ४ जीबी, वॅट फार तर ४५. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक २, जीटीए ५ एवढ्यासाठी ती पुरते. ३०५० मध्ये दोन प्रकार आहेत, ४ जीबी आणि ६ जीबी. ४ जीबीची आता नव्याने घेऊ नये. गेल्या तीन-चार वर्षांतले मोठे गेम फुल एचडीवर मध्यम टेक्श्चरला ४ जीबी ओलांडतात, मग जादाचा माल साध्या रॅममध्ये जातो आणि वळणावर, स्फोटाच्या वेळी, नवीन खोलीत शिरताना चित्र झटके खातं. सरासरी फ्रेमच्या आकड्यात हे झटके दिसत नाहीत, खेळताना मात्र ते पावलोपावली टोचतात. ६ जीबीच्या ३०५० मध्ये कोअरही जास्त आहेत, २०४८ ऐवजी २५६०. ४०५० मध्ये व्हीरॅम ६ जीबीच, पण चिप पुढच्या पिढीची, तेवढ्याच वॅटमध्ये जास्त काम करणारी, आणि एनव्हिडियाचं स्वतःचं फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः तयार करून भरलेली जादा फ्रेम) फक्त ४० मालिकेपासून पुढेच मिळतं. तेवढ्याच कामाला कमी उष्णता, हा गुण आपल्या हवेत लाखमोलाचा आहे. ८ जीबी व्हीरॅमची ५०५० बजेटमध्ये बसत असेल तर उत्तमच.

जीटीएक्स १६५० घातलेला नवा लॅपटॉप अजून कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. त्यात डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवण्याची एनव्हिडियाची सोय, चालत नाही. संगणक अभियांत्रिकी किंवा डेटा सायन्सच्या मुलांनी एएमडीचं रेडिऑन कार्डही टाळावं, कारण मशीन लर्निंगच्या प्रॅक्टिकलला जे शिकवतात ते बहुतांशी कूडावर चालतं, आणि कूडा ही प्रणाली फक्त एनव्हिडियाच्या कार्डावर चालते.

प्रोसेसर आणि रॅम

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर आधी वाचा. एच, एचएस, एचएक्स म्हणजे गेमिंगच्या लायकीचा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा खरी पिढी सांगतो: ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, चार कोअरची जुनी चिप; ७५३५एचएस मधला ३ म्हणजे झेन ३+; ७६४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४. पहिल्या ७ वर जाऊन ‘लेटेस्ट सेव्हन थाउजंड सिरीज’ म्हणून ७५२०यू विकली जाते, ती गेमिंगला अजिबात घेऊ नका.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप हलके आणि बॅटरीला भारी असतात, पण मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रॉनिक्सची बरीच सॉफ्टवेअर त्यावर नीट चालत नाहीत आणि व्हॅलोरंट तर चालतच नाही. अशोक चौकातलं वालचंद इन्स्टिट्यूट असो की दुसरं कुठलं अभियांत्रिकी महाविद्यालय, प्रवेश मिळाल्यावर आपल्या शाखेच्या वरच्या वर्गातल्या मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणती सॉफ्टवेअर लागतात ते विचारून घ्या. ऑटोकॅडचं साधं द्विमितीय काम कशावरही होतं, सॉलिडवर्क्समधली मोठी असेंब्ली किंवा अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर ८ जीबी रॅममध्ये घुसमटतो.

रॅम १६ जीबी, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. एकाच पट्टीवर प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच रस्ता मिळतो, व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर अवलंबून असलेल्या गेममध्ये ते लगेच जाणवतं. स्वतंत्र कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये तर ते डोळ्यांना दिसतं: इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सची चिप एका पट्टीवर असेल तर विंडोज तिला ‘आयरिस’ म्हणतच नाही, नुसतं ‘यूएचडी’ दाखवतं. तपासायला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी दाबा, ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक आहे की दोनपैकी दोन ते लिहिलेलं असतं.

‘८ जीबीचा घ्या, रॅम नंतर टाकू’ हा सल्ला बरीच वर्षं बरोबर होता, आम्हीही तोच देत असू. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर भडकले आणि तो हिशोब मोडला. आता खोक्यातूनच १६ जीबी येत असेल आणि फरक तीन-चार हजारांचा असेल, तर तोच घ्या. एसएसडीचं थोडं वेगळं आहे. ५१२ जीबीची विंडोजमध्ये ४७६ च दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीमुळे, फसवणूक नव्हे. फोर्झा होरायझन ५ ला ११० जीबी, रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते. असे दोन गेम, विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअर धरली की ५१२ भरत आलीच. म्हणून दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का, हे आजच विचारून ठेवा.

कोणता घ्यावा

२०२५ सालात ६ जीबीच्या ३०५० चे लॅपटॉप साधारण साठ ते सत्तर हजारांत आणि ४०५० चे सत्तर ते पंच्याऐंशी हजारांत मिळत होते. रॅम महागल्यापासून त्यावर काही हजार चढलेत, ऑफरप्रमाणे खाली-वर होतात.

या पट्ट्यात सोलापूरसाठी पहिली पसंती लेनोवो एलओक्यू १५. गरम हवा मागून बाहेर पडते, माउस धरलेल्या हातावर येत नाही. चार्जरची पिनही मागेच असल्याने टेबलावर वायरींचा गुंता होत नाही. कार्डाला वॅट भरपूर दिलेले आहेत, रॅमचे दोन आणि एसएसडीचे दोन स्लॉट आहेत, आणि स्क्रीन व कार्ड थेट जोडणारा मक्स स्विच आहे. वजन २.४ किलोच्या आसपास, बॅटरी ६० वॅट-अवर (हा आकडा जितका मोठा, तितकी बॅटरी जास्त टिकते). नावात ‘इसेन्शियल’ असलेली आवृत्ती मात्र वेगळी धरायची, तिचे वॅट स्वतंत्र तपासा. जाडजूड आणि वजनदार आहे ही तक्रार खरी, पण ती जाडी पंख्यांच्या आणि तांब्याच्या नळ्यांच्या कामी येते.

एसर नायट्रो व्ही १५ हलका, २.१ किलोचा. बॅटरी ५७ वॅट-अवर, थंडरबोल्ट ४ चं (वेगवान जोडणीचं) पोर्ट या किमतीत क्वचितच मिळतं. त्यात ४०५० ही ७५ वॅटची आहे. कागदावर हे उणं वाटेल, पण केगावला विद्यापीठात किंवा शहराबाहेरच्या कॉलेजात रोज बस-दुचाकीवर पाठीवर घेऊन जाणाऱ्याला हा तोल चांगला जमतो. ७५ वॅटमध्ये उष्णताही कमीच होते. ज्याला लॅपटॉप रोज न्यायचा आहे त्याने एलओक्यूऐवजी हाच घ्यावा.

असूस टफ १५ घेताना मॉडेल क्रमांक नीट वाचा, कारण टफ नावाखाली दोन पिढ्या शेजारी शेजारी विकल्या जातात. एफएक्स५०६ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे जुना सांगाडा, बहुधा ४८ वॅट-अवरची छोटी बॅटरी, मक्स स्विच नाही. एफएक्स५०७ म्हणजे नवा सांगाडा, मक्स स्विचसह. दोघांत पाच हजारांचा फरक असला तरी ५०७ कडे जा. ५०६ चार-पाच हजारांनी स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका.

एचपी व्हिक्टस १५ दुकानांत सगळ्यात सहज दिसतो. दिसायला साधा, कॉलेजमध्ये शोभणारा, २.३ किलोचा. बऱ्याच व्हिक्टस १५ मध्ये एम.२ स्लॉट एकच असतो, तेव्हा १ टीबी आताच घ्यावी लागते. बॅटरीही ५२.५ आणि ७० वॅट-अवर अशा दोन येतात, ७० ची विचारा. एमएसआय थिन १५ चं वजन १.८६ किलो, या यादीतला सगळ्यात हलका. पण कार्ड ४५ वॅटवर, आणि सांगाडा पातळ. गार प्रदेशात तो चालून जाईल, मेमध्ये सोलापुरात दोन तास गेम खेळायला आम्ही तो सुचवणार नाही. डेल जी१५ थंड राहण्यात चांगला, पण अडीच किलोच्या वर जातो. जो लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावरून हलणारच नाही, त्याच्यासाठीच ठीक.

पंचेचाळीस हजारांच्या आत बजेट असेल तर ‘गेमिंग’ लिहिलेला लॅपटॉप शोधूच नका. त्या किमतीत मिळणारं कार्ड जुनं, स्क्रीन फिकट आणि बॅटरी चिमुकली असते, म्हणजे तिन्हीकडून तोटा. त्यापेक्षा रायझन ५ किंवा आय५ चा साधा लॅपटॉप, १६ जीबी रॅम दोन पट्ट्यांत, चांगली स्क्रीन. व्हॅलोरंट त्यावर आरामात खेळता येतो, जीटीए ५ सेटिंग कमी करून चालतो, आणि उष्णतेचा प्रश्न मुळातच छोटा होतो.

स्क्रीनबद्दल एवढंच: १४४ हर्ट्झ सगळेच देतात, रंग सगळे देत नाहीत. रंगांचा आवाका ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला असेल तर लाल रंग विटकरी दिसतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ आणि ३०० निट्स उजेड मिळत असेल तर दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही. आर्किटेक्चर आणि ग्राफिक डिझाइनच्या मुलांनी यात तडजोड करू नये.

दुकानात काय बघायचं

नवी पेठ असो की सात रस्ता, आधी ठरवलेला पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर लिहून न्या. ‘व्हिक्टस दाखवा’ म्हटलं की दुकानात जो शिल्लक आहे तो समोर येतो. क्रमांकाच्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत कार्ड, रॅम, स्क्रीन सगळं बदलतं.

खोकं आपल्यासमोर उघडायला लावा. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. चालू केल्यावर खातं स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या मोबाइलच्या नेटवरून उघडा. घाईच्या वेळी दुकानातला मुलगा सोयीसाठी त्याच्याच खात्याने लॅपटॉप सुरू करून देतो, आणि त्रास पुढे होतो. सोबत आलेलं ऑफिस त्या खात्याला चिकटतं. शिवाय विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊन तिची रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. सहा महिन्यांनी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाल्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची की मागितली जाते आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा डेटा अडकतो. स्वतःचं खातं असेल तर ती की मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर लॉगइन करून दोन मिनिटांत मिळते. मिळवा आणि वहीत लिहून ठेवा.

मग कार्डाचे वॅट, रॅमचे स्लॉट वर सांगितल्याप्रमाणे बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाकून बॅटरी रिपोर्ट काढा. ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ जवळपास सारखी हवी, सायकल काउंट एक-दोनच्या पुढे नको. आठ-दहा टक्के घट दिसली तर तो नग शोकेसमध्ये चालू ठेवलेला आहे. पडदा पांढरा, काळा, लाल करून मेलेले ठिपके शोधा. झाकण एका हाताने उघडून बिजागरीचा आवाज ऐका, कटकट नको.

वॉरंटी कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल टाकून तिथेच बघा. बऱ्याचदा वॉरंटी माल कंपनीतून निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते आणि तीन-चार महिने आधीच गेलेले असतात. जीएसटीचं पक्कं बिल अपलोड केलं की कंपनी तारीख दुरुस्त करते. म्हणून बिलावर सीरियल नंबर छापलेला हवा, हाताने लिहिलेला नको. बिल न घेता थोडे कमी करून देतो म्हणणाऱ्याकडे वळू नका. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, ती वाचवण्याच्या नादात वॉरंटीच जाते. आणि घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ४१३००१ पिन टाकून अधिकृत सेवा केंद्र सोलापुरात आहे, की लॅपटॉप पुण्याला पाठवावा लागतो, की तंत्रज्ञ घरी येतो ते बघा. दोन लॅपटॉप सारखेच आवडले असतील तर घरी तंत्रज्ञ पाठवणारा घ्या. पुण्याला गेलेला लॅपटॉप परीक्षेच्या काळात पंधरा दिवस हाताशी नसतो.

ऑनलाइन घेणार असाल तर उघडून दाखवणारी डिलिव्हरी निवडा आणि खोकं उघडल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

घेतल्यानंतर: ऊन, लव आणि वीज

गेम खेळताना लॅपटॉप सोलापुरी चादरीवर किंवा गादीवर कधीही ठेवू नका. हवा पोटाकडून आत ओढली जाते आणि चादरीचं जाड सूत त्या जाळीला झाकून टाकतं. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, लाकडाची पट्टी किंवा बाटलीची दोन टोपणं पुरतात. एवढ्यानेच तीन-चार अंश उतरतात. चारशे रुपयांचे निळे दिवे लावलेले कूलिंग पॅड यापेक्षा फार काही जास्त देत नाहीत. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने पाण्याचा कूलर खोली चांगली गार करतो, लॅपटॉपलाही त्याचा फायदा होतो. फक्त कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर नको. पाण्याचे बारीक तुषार आणि क्षाराची पांढरी भुकटी आत जाते.

सेटिंगमध्ये पहिलं काम फ्रेमला लगाम घालणं. पडदा १४४ चा असला तरी एकट्याने खेळायच्या गेमला ६० ची मर्यादा लावा, कार्ड आणि प्रोसेसर दोघंही निवतात. तरी तापलं तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. एक टक्का कमी दिसतो, पण त्याने टर्बो बूस्ट (गरजेला मूळ वेगाच्या वर जाणं) पूर्ण बंद होतो आणि प्रोसेसर दहा-पंधरा अंश खाली येतो. इथे चिप बघून निर्णय घ्या. रायझन ७५३५एचएसचा मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे, त्याला टर्बो गेल्याचं फार दुःख होत नाही. आय५-१२४५०एचच्या मोठ्या कोअरचा मूळ वेग २ गिगाहर्ट्झ, टर्बोत तो ४.४ ला जातो, तेव्हा तिथे फ्रेम बऱ्याच पडतात. इंटेलवाल्यांनी आधी फ्रेमची मर्यादा आणि ‘बॅलन्स्ड’ मोड वापरून बघावं, ९९ चा उपाय फक्त एप्रिल-मेपुरता.

बॅटरी दोन तासांत संपते ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि दहापैकी बऱ्याच वेळा तिचं कारण मक्स स्विच असतं. गेमसाठी ‘फक्त एनव्हिडिया’ मोड लावलेला असतो आणि तो परत बदलायचा राहतो. मग वर्गात पीडीएफ वाचतानाही कार्ड जागं राहतं. त्या मोडमध्ये लॅपटॉप २५ वॅट खातो, म्हणजे ६० वॅट-अवरमध्ये अडीच तासही नाहीत. ‘हायब्रिड’वर आणून पडदा ६० हर्ट्झ केला की खप दहा-बारा वॅटवर येतो आणि तीच बॅटरी पाच तास जाते. घरी चार्जर कायम लावून ठेवत असाल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावा. पूर्ण भरलेली बॅटरी चाळीस अंशांच्या उष्णतेत ठेवली की फुगण्याची भीती वाढते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटू लागला, क्लिक घट्ट झालं, तर ती फुगल्याची खूण समजा आणि वापर लगेच थांबवा.

लाइट गेल्यावर गेम बॅटरीवर खेळू नका. कार्डाला बॅटरीतून पुरेसे वॅट मिळत नाहीत, फ्रेम अर्ध्यावर येतात आणि बॅटरी तासाभरात झोपते. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर चार्जर गुंईं आवाज करतो आणि तापतो. जुन्या पेठांतल्या घरांत, भाड्याच्या खोल्यांत अर्थिंग नसतं, तिथे लॅपटॉपच्या धातूच्या भागाला मनगट लागलं की मुंग्या आल्यासारखं होतं. लॅपटॉप खराब नाही, चार्जरमधून गळणाऱ्या किंचित विजेला जमिनीचा रस्ता मिळत नाही. तीन पिनच्या चार्जरला दोन पिनचा अडॅप्टर लावून चालवू नका, घरमालकाला सांगून अर्थिंग करून घ्या.

आणि लव. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे, जिथे यंत्रमाग चालतात तिथल्या घरांत हवेत सुताची बारीक लव तरंगत असते. दुसऱ्या शहरात लॅपटॉप दोन वर्षांनी उघडून साफ केला तरी चालतो, इथे आठ-दहा महिन्यांत करावा लागतो. साधी धूळ पंख्याच्या पात्यांवर बसते, लव तशी बसत नाही. ती पंख्यातून पुढे जाऊन तांब्याच्या जाळीच्या आतल्या तोंडाशी अडकते आणि तिथे थरावर थर बसून नमद्यासारखी राखाडी पट्टी तयार होते. बाहेरून ब्लोअर मारला तर ती पट्टी थोडी सैल होते आणि पंखा सुरू झाला की पुन्हा जाळीला चिकटते. म्हणून ‘ब्लोअर मारून दिलाय’ म्हणणाऱ्याचं काम अर्धवट समजा.

नीट करायची पद्धत अशी. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. पोटाचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर वरच्या बाजूला तडा जातो. झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा. पंख्याचे दोन-तीन स्क्रू आणि बारीक वायर काढून पंखा उचला, मागे जाळीला चिकटलेली पट्टी चिमट्याने अखंड निघते. मऊ ब्रशने जाळी झाडा. हवा मारायचीच असेल तर पात्यात काडी अडकवून पंखा धरून ठेवा, मोकळा सोडला तर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. वॉरंटीत असताना झाकणाच्या स्क्रूवर स्टिकर असेल तर हे स्वतः करू नका, सेवा केंद्राकडून करून घ्या आणि पंखा काढून सफाई हवी असं स्पष्ट सांगा. थर्मल पेस्टला पहिली दोन वर्षं हात लावायची गरज नाही.

सफाईसाठी फेब्रुवारीचा शेवट धरा, ऊन चढायच्या आत. सफाईआधी आणि नंतर अर्धा तास तोच गेम चालवून तापमान लिहून ठेवा. सात-आठ अंशांचा फरक पडला तर पुढची सफाई दिवाळीतच करा. दोन-तीनच अंश उतरले तर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत थांबायला हरकत नाही.